खंड पडल्यावर

जबलपूरहून पाटनकडे निघालं की शहर संपता संपता काळी, जड जमीन सुरू होते. हा हवेलीचा टापू. हवेली ही इथल्या शेतीची जुनी रीत. शेताच्या चारी बाजूंनी मातीचे उंच बांध घालायचे, पावसाचं पाणी आत कोंडायचं आणि आषाढ, श्रावण, भाद्रपद त्यात काही पेरायचं नाही. नवख्याला वाटावं, एवढी चांगली जमीन पाण्याखाली फुकट गेली. पण त्या उभ्या पाण्यात तण कुजत असे आणि माती खोलवर ओल पिऊन घेत असे. आश्विन लागला की बांध फोडायचे. पाणी वरच्या शेतातून खालच्या शेतात, तिथून नाल्यात आणि शेवटी हिरण नदीत उतरायचं. मग वाफसा आला की गहू, हरभरा, मसूर पेरायची. विहीर नसली तरी मुरलेल्या ओलीवर पीक उभं राहायचं.

आता ही रीत बरीच मागे पडली आहे. बोअरवेल आल्या, सोयाबीन आणि भात आला आणि पाटनच्या शिवारात मटार आला. इथला मटार हिवाळ्यात दूरदूरच्या बाजारांत जातो. तरीही जुनी माणसं हवेलीची आठवण काढतात तेव्हा मी कान देऊन ऐकते. थांबलेल्या काळाकडे इतक्या विश्वासाने पाहणारी दुसरी रीत मला माहीत नाही.

आपण मात्र आपल्या थांबलेल्या महिन्यांचा हिशेब फार कठोरपणे करतो. कुणाचं गाणं बाळंतपणात सुटतं, कुणाचा अभ्यास घरातल्या आजारपणात, कुणाचं पहाटेचं फिरणं एका साध्या तापाने मोडतं. सुटलं ते सुटलं, याचं दुःख असतंच. पण त्याहून मोठी अडचण पुढे येते. माणूस ठरवतो, आता पुन्हा पहिल्यापासून. येत्या सोमवारपासून, पाडव्यापासून, नव्या वहीच्या पहिल्या पानापासून. मधलं सगळं पुसून कोरं व्हायचं. मला ही कोरं होण्याची ओढ घातक वाटते. पहिल्या पानाचा उत्साह खरा असतो, पण तो झालेल्या कामाचीही किंमत शून्य करून टाकतो. चाळीस राग शिकलेली बाई दहा वर्षांनी तंबोरा हाती घेते तेव्हा ती नवशिकी नसते. तिच्या गळ्यात काही मुरलेलं असतं, आणि ते आहे असं धरूनच तिने बसलं पाहिजे.

पाटनजवळच्या एका शेतात गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी मी दुबार पेरणी पाहिली. ज्यांचं शेत, त्यांना सारा गाव कक्का म्हणतो. मटार लवकर पेरला तर भाव चांगला मिळतो, म्हणून पावसाने पाठ फिरवताच त्यांनी पेरणी उरकली होती. मग परतीच्या पावसाने गाठलं. मटाराच्या बियाला ओल लागते, पण साचलेलं पाणी सोसत नाही. दाणे जागीच कुजले. बियाणं महाग, त्यामुळे नुकसान खरंखुरं होतं. मला वाटलं होतं, सगळं शेत नांगरून पुन्हा पेरतील. कक्का आधी नुसते शेत फिरले. वाफसा येईपर्यंत त्यांनी आत पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही, कारण ओल्या काळ्या मातीत औत घातलं की ढेकळं होतात आणि पुढचं पीकही जातं. मग चढाच्या भागात जिथे रोपं तगली होती तिथे फक्त नांगे भरले. मधल्या पट्ट्यात लवकर येणारं वाण टाकलं. आणि सखल कोपऱ्यात मटाराचा नादच सोडला. तिथे गहू घेतला. मी विचारलं, वाईट नाही वाटलं? ते म्हणाले, वाईट वाटलं ना, पण आता हातात दिवस किती उरलेत ते आधी मोजायला हवं.

हे मोजणं मला फार मोलाचं वाटतं. जूनमध्ये आखलेला बेत ऑक्टोबरात जसाच्या तसा राबवता येत नाही. उद्दिष्ट तेच ठेवून त्याचा आकार बदलणं म्हणजे हार पत्करणं नव्हे. उरलेल्या मोसमाशी ती सरळ बोलणी आहेत.

याच हिरणचं पाणी पुढे नर्मदेला मिळतं, आणि नर्मदेच्या काठावर खंडाचा आणखी एक विचार रुळलेला आहे. तो म्हणजे नर्मदेची परिक्रमा. नदी उजव्या हाताला ठेवून चालायचं, तिचं पात्र ओलांडायचं नाही. नदीची लांबी १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही तटांची वाट त्याच्या दुपटीच्या घरात जाते. परंपरेने परिक्रमेला तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितले आहेत, आणि त्यात चातुर्मासाचा मुक्काम धरलेला आहे. पावसाळ्यात परिक्रमावासी एका गावात बसून राहतो. त्याची परिक्रमा तेव्हाही चालूच असते. ज्यांना सलग चालणं जमत नाही ते खंड परिक्रमा करतात. जिथे थांबलो त्याच ठिकाणी परत यायचं आणि तिथून पुढचं पाऊल टाकायचं.

जबलपूरचे अमृतलाल वेगड असेच तुकड्यातुकड्यांनी चालले. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले चित्रकार, जबलपूरच्या कला निकेतनात शिक्षक. पहिल्यांदा निघाले ते १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जबलपूर ते मंडला. नोकरी, संसार सांभाळत एकेक टप्पा जोडत गेले. २००२ मध्ये, पंचाहत्तरी जवळ आलेली असताना, पत्नी कांताबाईंना सोबत घेऊन ते पुन्हा काठाला लागले. तोवर बरगी धरण होऊन गेलं होतं. १९९० साली पूर्ण झालेल्या त्या धरणाच्या जलाशयाने जबलपूर, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांतली १६२ गावं बाधित केली, आणि वेगडांच्या पहिल्या यात्रेतली किनाऱ्याची वाट पाण्याखाली गेली.

इथे माझ्या मनातला सोपा हिशेब अडतो. जिथे सुटलं तिथूनच धरायचं, हे खरं. पण ती जागाच उरली नसेल तर? ज्या गुरूकडे शिकत होतो ते गेले, ज्या परीक्षेची तयारी केली तिची वयोमर्यादा उलटली, ज्या पायांनी डोंगर चढायचे त्यांना आता जिना नको वाटतो. अशा वेळी धीराचे चार शब्द पुरत नाहीत, आणि ज्यांची घरंच बुडाली त्यांच्या दुःखाशी परिक्रमावाशाच्या अडचणीची तुलना तर करूच नये. मला एवढंच दिसतं की परिक्रमा तिथे थांबली नाही. लोक जलाशयाला लांबचा वळसा घालतात, पाणी दिसेनासं झालं तरी ते उजव्या हाताला आहे हे धरून चालतात. वाट लांबली, ओबडधोबड झाली, नवी गावं लागली. त्या गावांनीही सदावर्त सुरू केलं.

माझं स्वतःचं चालणं उत्तर तटावर हिरणच्या संगमापाशी थांबलेलं आहे. आई आजारी पडली, मग ती गेली, आणि मग बराच काळ घराबाहेर पडण्याची इच्छाच झाली नाही. त्या काळाला मी वाया गेलेला म्हणणार नाही. आईच्या उशाशी बसून मी जे ऐकलं ते कोणत्याही घाटावर ऐकायला मिळालं नसतं. पण चालायचं आहे, हेही तितकंच खरं. गुडघे पूर्वीचे नाहीत, म्हणून रोजचं अंतर निम्मं केलं आहे. पाठीवरची पिशवी हलकी केली आहे. मैत्रिणींनी सुचवलं की ओंकारेश्वराहून नव्याने परिक्रमा उचल, म्हणजे ती अखंड होईल. मी नाही म्हटलं. कार्तिकी पौर्णिमा झाली की संगमावर जायचं, हिरण ओलांडायची आणि नर्मदा उजव्या हाताला धरून भेडाघाटाकडे निघायचं. वहिनी पहिल्या तीन मुक्कामांना सोबत येणार आहे. पुढचं तिथे पोचल्यावर ठरवू.