मातोश्रींसह सप्तशृंगगडावर

मातोश्रींचे गुडघे अधू झाल्यापासून "मी खालूनच हात जोडीन," असे त्या म्हणत. परंतु कुलस्वामिनीचे दर्शन अंतरल्याची खंत त्यांच्या मुद्रेवरून लपत नसे. नाशिकपासून सुमारे ६० किलोमीटरवरील सप्तशृंगगडावर मोटार जाते. पुढे मंदिरापर्यंत सुमारे ५०० पायऱ्या आहेत. २०१८ पासून मात्र रुळांवरील ट्रॉलीने वर जाता येते. चैत्र व नवरात्रातील गर्दी टाळून आम्ही आडवारी निघालो. ट्रॉलीच्या अलीकडे-पलीकडे किती चालावे लागेल, याची चौकशी आधीच केली होती. अष्टादशभुजा देवीपुढे मातोश्रींनी काहीच मागितले नाही. परतताना एवढेच म्हणाल्या, "पुढच्या खेपेस तुझ्या काकूलाही आणू हो." वडीलधाऱ्यांस घरी ठेवून प्रवासास निघण्यापूर्वी वाचकांनी एवढी चौकशी अवश्य करावी.