खिद्रापूरच्या वाटेवर

ऑगस्ट 2019 च्या महापुरात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 55 फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी 43 फूट आहे. शिरोलीजवळ पाणी चढून पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. 12 तारखेला बकरी ईद झाली. महामार्ग खुला होताच आम्ही सहा जण साताऱ्याहून तांदूळ, चादरी आणि बिस्किटांचे खोके घेऊन निघालो.

किणी टोलनाक्याच्या अलीकडेच गाड्यांची रांग लागली होती. बहुतेक ट्रक मदतीचे, प्रत्येकावर फलक. फलक आमच्याही गाडीवर होता. रांग मोडून आम्ही उजवीकडून पुढे घुसलो आणि तिथेच अडकलो. इतक्यात मागून रुग्णवाहिकेचा सायरन ऐकू आला. तिची वाट आमच्याच गाडीने अडवली होती. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे हाही ईमानचा भाग आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, त्या दिवशी वाटेतली अडचण आम्हीच होतो. उतरून, लोकांना विनवण्या करून गाडी मागे घेतली.

हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ करत नृसिंहवाडीला आलो. पंचगंगा इथे कृष्णेला मिळते. कुरुंदवाडच्या पुढे, कोपेश्वराच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेल्या खिद्रापूरकडे जाताना डांबर जागोजागी उखडलेले, वर काळ्या मातीचा राडा. एका वयस्कर शेतकऱ्याने हात करून थांबवले. "पाव्हणं, ही गाडी फुडं नगा नेऊ, रुतंल. माझा ट्रॅक्टर हाय."

डिझेलचे पैसेही त्यांनी घेतले नाहीत. खड्डा कुठे, कडा कुठे हे काठीने चाचपत आम्ही दोघे पुढे चालत राहिलो.

आतल्या वस्तीवर एका आजींच्या हाती बिस्किटांचे पुडे ठेवले. त्या म्हणाल्या, "बाळांनो, खाया मिळतंय. खराटा हाय का? घरात गुडघाभर चिखल हाय."

खराटा आमच्याकडे नव्हता. शेजारून मागून आणला आणि मगरीबपर्यंत त्यांचे घर धुतले.

जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला, महामार्ग पुन्हा बंद झाला. या वेळी आधी फोन करून काय हवे ते विचारले. रस्ता मोकळा झाल्यावर छोटा टेम्पो घेऊन निघालो. त्यात खराटे, फावडी, फिनेल होते. फलक मात्र लावला नाही.