नळास मोटर लावावी काय?

पाण्यास जीवन असें दुसरें नांव आहे, हें आपण सर्वांनीं शाळेंत पाठ केलें आहे. परंतु बीड जिल्ह्यांत राहणाऱ्यास त्याचा अर्थ पाठांतरावांचूनहि कळतो. आमच्या घरीं नळास पाणी रोज येत नाहीं. तें येतें त्या दिवशीं अंगणांतील हौद भरून घ्यावयाचा, व तेथून मोटरीनें गच्चीवरील टाकींत चढवावयाचें, असा आमचा क्रम आहे. इतकें करूनहि माडीवरील तोटींतून पाण्याची करंगळीएवढी धार येई. आजीस गुडघ्यांच्या व्यथेमुळें खालीं उतरवत नाहीं. तिच्या स्नानाची एक बादली भरावयास सहा मिनिटें लागत. तेव्हां दाब वाढविणारा पंप घ्यावा, असें घरांत ठरलें.

पाण्याचा दाब हा उंचीचा गुण आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलोग्रॅम भरतो. आमची टाकी माडीवरील तोटीहून अवघी दोन मीटर उंच. म्हणून तेथील दाब त्याच्या एक पंचमांश. हें तत्त्व आमच्या पूर्वजांस चांगलें अवगत होतें. बीड शहराजवळील खजाना विहीर मुर्तझा निजामशहाच्या काळीं, हिजरी ९९१ मध्यें, सलाबतखानानें बांधविली. तिचें पाणी भुयारी पाटांतून केवळ उतारानें शेतांकडे जावें अशी तिची रचना आहे. तीस यंत्र लागत नाहीं.

प्रथम आम्हीं तोटीची जाळी काढून धुतली व क्षारांनीं भरलेला जुना लोखंडी नळ बदलला. नळाचा व्यास निम्मा झाला कीं त्याची वाट चौथाईच उरते. इतक्यानें सहा मिनिटांचीं चार मिनिटें झालीं. मग पंपाचें गणित मांडलें. मिनिटास वीस लिटर पाण्यास दहा मीटर उंचीचा दाब द्यावयास मुळांत सुमारें तेहतीस वॅट शक्ति पुरते. पंपांत दोन तृतीयांश वायां गेली असें धरलें तरी शंभर वॅट. म्हणजे पाव अश्वशक्तीचा, १८६ वॅटचा पंप पुष्कळ झाला. दुकानदार मात्र एक अश्वशक्तीचा घ्या म्हणून आग्रह करीत होता.

खरा प्रश्न पुढेंच होता. प्लंबर म्हणाला, "टाकीला कशाला लावता? थेट नळालाच मोटर लावा. सारी गल्ली लावते." काकांसहि तें पटलें. "आपण नाही लावली तर आपला हौद रिकामा राहील," असें ते म्हणाले. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. पण पंप दाब वाढवितो, पाणी वाढवीत नाहीं. २०१६ च्या एप्रिलांत शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारें पांच लक्ष लिटर होतें. अशा मुलखांत नळास मोटर लावणें म्हणजे गल्लीच्या टोंकास राहणाऱ्याच्या हंड्यांतील पाणी ओढणें होय. शिवाय मोटरीच्या ओढीनें नळांतील दाब उतरतो, व नळ कोठें फुटला असल्यास गटाराचें पाणी आंत शिरून सर्वांस रोगाचें भय उत्पन्न होतें.

आजी इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "बाबांनो, बहात्तरच्या दुष्काळात एका आडावर सारी आळी पाणी भरायची. तासन्‌तास बसावं लागे, पण कुणी कुणाची घागर मागं सारली नाही. माझ्या अंघोळीसाठी ते करू नका." यावर काका कांहीं बोलले नाहींत.

पाव अश्वशक्तीचा पंप आम्हीं गच्चीवर, आमच्या टाकीच्या मुखापाशीं बसविला. वीज गेली असतां पाणी आपल्या उतारानें वाहावें म्हणून शेजारून एक वाट ठेविली, व पाणी उलटें फिरूं नये म्हणून तींत एकमार्गी झडप घातली. आतां आजीची बादली मिनिटभरांत भरते. नळाचें पाणी पूर्वीइतकेंच येतें, व हौद कधीं कधीं अर्धाच भरतो. त्या दिवसांत आम्ही काटकसर करतों.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, यंत्र निवडतांना त्याची शक्ति व किंमत आपण पाहतोंच. तें कोणाचें पाणी ओढणार आहे, हेंहि पाहावें. विज्ञान पहिला हिशेब शिकवितें. दुसरा शेजारधर्मानें शिकावयाचा असतो.