खारेपाटातले दिवस : जिताड्याच्या वाटेवर

शुक्रवार, पोयनाड

वडखळला महामार्ग सोडला, धरमतरचा पूल ओलांडला आणि खारेपाट सुरू झाला. दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं भात. ही जमीन माणसांनी खाडीकडून मिळवली. मातीचे बांध घालून खारं पाणी बाहेर अडवलं, तेव्हा कुठे इथे पीक उभं राहिलं. त्या पिकातल्या वाट्यासाठी इथल्याच चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप केला, शेतं पडीक ठेवली.

पेणचा एक मित्र, डोंबिवलीचा एक आणि मी, असे तिघं त्यांच्यापैकी एकाच्या काकांकडे उतरलो आहोत. रात्री रॉड जुळवताना काकांनी विचारलं, "उद्या तिथ कोनची?" वद्य पंचमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारच्या सुमारास पाणी भरणार आणि उजाडताना निम्मं उतरलेलं असणार. जिताडा हा मासा गळाला लावायला आम्हाला तेच हवंय.

शनिवार, उघाडीवर

अंधारातच बांधावर पोचलो. पाय घोट्यापर्यंत चिखलात, एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला तिवरं आणि मधे उघाडी, म्हणजे बांधातली पाण्याची वाट. उघाडीची झडप भरतीच्या दाबाने आपोआप मिटते, ओहोटी लागली की शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. त्या पाण्याबरोबर कोळंबी, बोईट, बारीकसारीक मासळी खाडीत येते. जिताडा त्यांच्या मागे धावत नाही. तो झडपेच्या पुढच्या डोहात, दगडाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. बॅटरी मारली तेव्हा पाण्यात दोन लालसर डोळे चमकले. काकांनी लगेच ती विझवायला लावली.

गळाला रबरी कोळंबी लावली होती. ती वेगाने ओढायची नाही. प्रवाहाच्या कडेला टाकायची, तळाला बसू द्यायची, मनगटाने हलकेच उचलायची, परत बसू द्यायची. दोरीच्या पुढे जाड लीडर हवाच, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी धारदार असते. मान झटकली की बारीक दोरी तुटते. डोंबिवलीच्या मित्राला घाई झाली होती. काका म्हणाले, "पानी वलू दे. वलल्याशिवाय गल टाकू नको." पाण्याचा जोर ओसरून धार नीट एका बाजूला लागेपर्यंत आम्ही गप्प बसलो. समोरच्या चिखलावर निवट्या सरपटत होत्या.

पहिला जिताडा माझ्या गळाला लागला. 'टक्' असा आवाज आणि हाताला धक्का. हा मासा चावत नाही, जबडा उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो. मग अख्खा पाण्याबाहेर उसळला. किलो-सव्वा किलोचा, चंदेरी, पाठ हिरवट. रात्रीच्या जेवणासाठी ठेवला.

सूर्य वर आल्यावर पेणच्या मित्राच्या रॉडला जो लागला, तो वेगळाच होता. रीळ किंचाळत होतं आणि मासा तिवरांच्या मुळांकडे निघाला होता. तिथे पोचला असता तर दोरी गेलीच असती. मित्र कमरेपर्यंत पाण्यात उतरला, रॉड आडवा धरून त्याने माशाला वळवलं. जाळीत आला तेव्हा सात-आठ किलोंचा वाटला.

एवढा जिताडा घरात येणं हा इथे मान असतो, पाहुण्यापुढे ठेवायचं याहून मोठं काही नाही. मित्र मात्र म्हणाला, "काका, ही सोडायची." जिताडा सुरुवातीची काही वर्षं नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे ज्या माशाचा मोह सर्वांत जास्त, तीच पुढच्या पावसात खाडीच्या तोंडाशी जाऊन लाखो अंडी घालणारी. मला त्याचं म्हणणं पूर्ण पटलं. काका थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. "गाभोलीवाली हाय तर सोरून दे," म्हणाले आणि स्वतः खाली उतरून तिला दोन्ही हातांनी प्रवाहात धरलं. कल्ले नीट चालू लागल्यावर ती गेली.

दहाच्या सुमारास ओहोटी संपली. घरी.

रविवार, काकांचं तळं

घरासमोर तळं, त्यात पाळलेले जिताडे. पूर्वी पावसात उधाणाबरोबर जिताड्याची पिल्लं भातखाचरांत शिरत, ती वेचून तळ्यात सोडत. आता ती फार कमी मिळतात, असं काका सांगतात. चेन्नईच्या सिबा या केंद्रीय संस्थेने १९९७ मध्ये या माशाचं प्रजनन बंदिस्त टाक्यांत घडवून आणलं, तेव्हापासून भारतात त्याचं बीज तयार करता येतं. तळ्यांसाठी ते चांगलं आहे. पण खाडीतल्या जिताड्याला गोडं आणि खारं, दोन्ही पाणी लागतं आणि दोन्हींमधली वाट उघाडीतूनच जाते. बांध फुटून खांड पडली तर शेत बुडतं. म्हणून झडप घट्ट हवी, हे शेतकऱ्याचं म्हणणं खरंच आहे. तरी पावसाळ्यात शेतात गोडं पाणी तुडुंब असतं, तेव्हा पिल्लांपुरती फट उघडी ठेवता येईल. काकांना ते अशक्य वाटत नाही. "झरपेवर मानूस बसवाया लागंल," एवढंच म्हणाले. वैशाखात तळं आटल्यावर जिताडे काढायला त्यांनी आम्हा तिघांना बोलावलं आहे.