मुरूडची सुट्टी आणि आमचा धाकटा

मे महिना लागला की घरोघरी आयांना एकच घोर लागतो: सुट्टीत मुलांना आवरायचे कसे? त्यातून एखादे मूल जात्याच अस्वस्थ असेल, तर शहरातल्या दोन खोल्या त्यालाही पुरत नाहीत आणि आपल्यालाही. आमचा धाकटा नऊ वर्षांचा आहे. 'हट्टी' आणि 'उलट बोलणारा' हे शेरे नातेवाईक देतात, शाळेच्या डायरीतही येतात. यंदा तर 'जूनपासून दुसरी शाळा पाहा' असे तोंडी सुचवण्यात आले. तेवढे ओझे मनात घेऊन आम्ही मुरूडला, नानीकडे गेलो.

पनवेलहून एस.टी. अलिबागमार्गे रेवदंड्याला येते. साळावचा पूल ओलांडला की कोर्लई, काशीद, नांदगाव अशी समुद्राच्या सोबतीने वाट सुरू होते. टेकडीवरचा नवाबांचा राजवाडा दिसला की मुरूड आलेच.

नानीच्या घरामागे सुपारीची वाडी आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात तिथली निम्मी झाडे आडवी झाली. पुढच्या पावसाळ्यात नवी रोपे लावली. सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात आणि कोवळ्या रोपाला कडक ऊन सोसत नाही, म्हणून मधूनमधून सावलीला केळी लावतात. धाकट्याला नानीने पहिल्याच दिवशी कामाला जुंपले. फजरनंतर मामूंबरोबर विहिरीवर जायचे, पाणी सोडायचे, कुठली आळी कोरडी राहिली ते सांगायचे. चार दिवसांत त्याला एकेक झाड पाठ झाले. घरी जो दहा मिनिटे एका जागी टिकत नाही, तो तिथे तासभर चिखलात उभा राहू लागला. नानी म्हणाली, "पोर वायट नाय गो, त्याला काम नाय."

एका सकाळी जंजिरा पाहायला निघालो. मुरूडपासून चार-पाच किलोमीटरवर राजपुरी आहे, तिथून शिडाच्या होड्या सुटतात. बेट या अर्थाच्या 'जझीरा' या अरबी शब्दावरून जंजिरा हे नाव आले. सुमारे 22 एकरांचा हा किल्ला सिद्दींनी शतकानुशतके राखला. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले. दरवाजा अशा बेताने बांधला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही. पायऱ्यांशी होडी हेलकावे खाते, तेव्हा लाटेचा अंदाज घेऊन पाऊल टाकावे लागते. एरवी कुणाचे न ऐकणारा आमचा मुलगा तिथे तांडेलाच्या शब्दाबाहेर गेला नाही.

आत कलालबांगडी ही प्रचंड तोफ आहे. कितीही ऊन असले तरी ती तापत नाही, असे गाईड सांगतात. धाकट्याने लगेच तिच्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाला, "तापलीय की!" सगळे हसले, गाईडही हसला. खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचे तलाव कसे, हा त्याचा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधण्यात परतीची वाट संपली.

आम्ही स्वतः शिक्षिका आहोत. पन्नास मुलांच्या वर्गात असा प्रश्न मध्येच आला की धडा कसा अडतो, हे आम्ही जाणतो. पण वर्गात जे 'उलट बोलणे' ठरते, तेच तोफेपाशी पडताळून पाहणे होते. मुलगा दोन्हीकडे एकच होता.

मुरूडने त्याचा स्वभाव बदलला असे मुळीच नाही. मुंब्र्याला परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्याने पंख्याचा रेग्युलेटर उघडून ठेवला. परंतु जूनमध्ये मुख्याध्यापकांना भेटताना आमच्याकडे नुसती विनवणी असणार नाही. शाळेच्या बागेला पाणी घालणे, प्रयोगाचे साहित्य मांडणे अशी रोजची जबाबदारी त्याला देऊन एक सत्र पाहा, एवढे आम्ही मागणार आहोत. पुढचे अल्लाहच्या हाती.

तुमच्याही घरी असे मूल असेल तर सुट्टीत त्याला नुसते फिरवू नका, हाताला काम मिळेल अशा ठिकाणी न्या. जंजिऱ्याला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, पाणी आणि टोपी सोबत घ्या. जुम्म्याला दुपारी नमाजसाठी होड्या थांबतात आणि पावसाळ्यात तर बंदच असतात, हे ध्यानात ठेवा.