होर्ताच्या धक्क्यावर

अटलांटिक महासागराच्या ऐन मध्यावर पोर्तुगालच्या सत्तेखालील अझोर्स नांवाचीं नऊ बेटें आहेत. त्यांपैकीं फायाल बेटावरील होर्ता हें बंदर पाहण्याचा योग आम्हांस गेल्या आषाढांत आला. आमचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त लिस्बन येथें असतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां तिकडे गेलों, आणि लिस्बनचा उन्हाळा आम्हांस सोसवेना म्हणून त्यांनीं आम्हांस या बेटांवर आणलें. विमानानें पिको बेटावर उतरून तेथून बोटीनें अर्ध्या तासांत मधली सामुद्रधुनी ओलांडली. मागें वळून पाहतों तों पिकोचा २३५१ मीटर उंचीचा ज्वालामुखी पर्वत ढगांवर माथा काढून उभा. पुढें उतारावर पांढरीं घरें, आणि शेतांच्या बांधांवर निळ्या हायड्रेंजियाचे दाट ताटवे. या फुलांवरूनच फायालला ‘निळें बेट’ म्हणतात. सृष्टिसौंदर्याचें वर्णन येथेंच आटोपतें घेतों. आम्हांस सांगावयाचें आहे तें निराळेंच आहे.

अमेरिकेच्या बाजूनें शिडाच्या होड्यांतून युरोपास परतणारे दर्यावर्दी बहुधा होर्तास नांगर टाकतात. येथील धक्क्याची भिंत आणि पायांखालची फरसबंदी त्यांनीं काढलेल्या चित्रांनीं भरून गेली आहे. चित्र न काढतां जो निघेल त्याच्या नौकेवर पुढें संकट येतें, अशी त्या लोकांची समजूत आहे. आपल्याकडे समुद्रास नारळ देतात, तसाच हा प्रकार! हातभर चौकोनांत नौकेचें नांव, साल, आणि खालीं माणसांचीं नांवें. कोठें नवराबायको व मुलें, कोठें पांचसहा मित्र. चालतां चालतां सौभाग्यवती एकाएकीं थांबल्या व म्हणाल्या, “अहो, या चौकोनांत एकच नांव आहे!” मग आम्ही तसे चौकोन शोधूंच लागलों. ते थोडे होते, पण होते.

एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला पुरुष जोशुआ स्लोकम हा याच बंदरांत उतरला होता. इ. स. १८९५ च्या २४ एप्रिल रोजीं तो ‘स्प्रे’ नांवाच्या सुमारें ३७ फूट लांबीच्या होडींतून बोस्टनहून निघाला आणि सुमारें ४६,००० मैल कापून २७ जून १८९८ रोजीं न्यूपोर्ट येथें परतला. २० जुलै १८९५ रोजीं तो होर्तास पोहोंचला. निघतांना मिळालेलीं आलुबुखाराचीं फळें व पिकोचें पांढरें चीज त्यानें पोटभर खाल्लें, आणि भर समुद्रांत त्यास असा पोटशूळ उठला कीं वाताच्या भरांत त्यास सुकाणूंपाशीं एक परका इसम उभा दिसूं लागला. तो म्हणे कोलंबसाच्या ‘पिंटा’ जहाजावरचा वाटाड्या होता! पुढें १८९६ च्या २० फेब्रुवारीस स्लोकमला बावन्न वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां तो दक्षिण अमेरिकेच्या भूमीचें अगदीं शेवटचें टोंक जें फ्रॉवर्ड भूशिर, त्याजजवळ होता. पक्षीहि क्वचितच दिसे. आदल्याच दिवशीं त्यानें पुंता अरेनास बंदर सोडलें होतें. तेथें चारपांच दिवसांच्या ओळखीच्या सांब्लिख नामक एका ऑस्ट्रियन कप्तानानें त्यास पिशवीभर बारीक अणकुचीदार खिळे दिले होते. रात्रीं ते डेकवर पसरून झोपावें, म्हणजे अनवाणी येणारे लुटारू आपोआप परततात! वाढदिवसाची भेट म्हणून त्यानें ते दिले नव्हते. तथापि याहून उपयुक्त भेट आमच्या ऐकिवांत नाहीं.

बंदरासमोर १९१८ सालीं स्थापन झालेलें ‘पीटर काफे स्पोर्ट’ नांवाचें उपाहारगृह आहे. दर्यावर्दी लोकांचीं पत्रें येथें त्यांच्यासाठीं ठेवून देत. सायंकाळीं आम्ही तेथें चहा घेत बसलों असतां शेजारच्या मेजावर गडबड उडाली. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचा एक पिकल्या दाढीचा गृहस्थ तीन आठवडे एकट्यानें समुद्र कापून त्या दिवशींच आला होता. नोंदणी करतांना बंदरावरील कारकुनास त्याच्या पारपत्रावर तीच तारीख आढळली आणि त्यानें ती वार्ता येथें आणून पोहोंचविली. साठावा वाढदिवस! एक डच दांपत्य, दोन पोलिश तरुण, आणि हातांत केक घेऊन धांवत आलेला तो कारकून: कोणीहि कोणास सकाळपर्यंत ओळखत नव्हतें. तो गृहस्थ भांबावून गेला होता. सर्वांकडे पाहून हंसत होता, पण शब्द सांपडत नव्हते.

“साठ म्हणजे आपल्याकडे षष्ट्यब्दीच कीं,” सौभाग्यवती म्हणाल्या, आणि आम्हांस थांबवावयास अवसर न देतां उठल्या. औषधांच्या पिशवींतील कापसाची त्यांनीं वात वळली; काफेच्या स्वयंपाकघरांतून एक कांचेची वाटी, ऑलिव्हचें तेल आणि मूठभर तांदूळ मिळाले. सुपारीऐवजीं अक्रोड. कुंकवाचा करंडा तर त्यांच्याजवळ असतोच. चिरंजिवांनीं त्या गृहस्थास समजावून सांगितलें कीं तोंड पूर्वेस हवें. आमच्यापैकीं कोणास पूर्व कोणती हें ठाऊक नव्हतें. तो मात्र क्षणाचाहि विलंब न लावतां पिको पर्वताकडे वळून बसला. औक्षण होईपर्यंत काफेंत कोणी बोललें नाहीं. कपाळावरच्या अक्षता खालीं पडूं नयेत म्हणून तो कितीतरी वेळ मान ताठ धरून बसला होता.

मग तो बोलूं लागला. प्रवासांतला पहिला वाढदिवस पोलिनेशियांतील एका बेटापाशीं झाला. शेजारच्या नौकेवरील मुलांनीं त्यास शिंपल्यांची माळ घातली होती. दुसरा हिंदी महासागरांत. त्या दिवशीं त्यानें स्वतःशींच मोठ्यानें आपलें नांव उच्चारलें. आवाज ओळखूं येईना, म्हणून पुन्हा उच्चारलें नाहीं. आम्हीं त्यास सांगितलें कीं, कोठेंहि न थांबतां एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यानें ज्या होडींतून पुरी झाली, ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ आमच्या मुंबईस बांधलेली होती. त्याला तें पूर्वींच ठाऊक होतें. १९६९ च्या १७ मार्चला नॉक्स-जॉन्स्टन यांना तिसावें वर्ष पुरें झालें तें त्याच होडींत, एकट्यानेंच, हेंहि त्यानेंच सांगितलें. मात्र गोव्यास बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेंतून दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं एकट्यानें प्रदक्षिणा केली, हें त्यास नवें होतें. त्यानें तें नांव लिहून घेतलें.

खोलीवर आल्यावर आम्हांस झोंप येईना. वाईस आमचें एकत्र कुटुंब आहे. लहानमोठीं चौदा माणसें. घरांतील प्रत्येकाचा वाढदिवस तिथीनें होतो आणि त्या सर्व तिथि आमच्या काकांच्या मुखोद्गत. काका अविवाहित, वय चौऱ्याऐंशी. आदल्या रात्रीं पंचांग पाहून ते सांगणार, “उद्यां अमक्याची तिथि,” आणि सकाळीं पेढे तेच आणणार. परंतु खुद्द काकांना ओवाळल्याचें आम्हांस कांहीं केल्या आठवेना. सौभाग्यवतींस विचारलें. त्यांनाहि आठवेना. लग्न होऊन त्यांना या घरांत सदतीस वर्षें झालीं आहेत.

होर्ताची मध्यरात्र म्हणजे वाईस पहांटेचे साडेपांच. काका त्या वेळीं जागे असतात. दूरध्वनीवर आम्हीं सरळच विचारलें, “काका, तुमची तिथि कोणती?”

कांहीं वेळ ते बोलले नाहींत. मग म्हणाले, “माझी? ती आईला ठाऊक होती रे. तुझ्या वेळीं थंडी फार होती, असें म्हणायची. मार्गशीर्ष असेल, पौष असेल.” आजीला जाऊन बेचाळीस वर्षें झालीं. “कां, काय झालें?” आम्ही कांहीं नाहीं म्हटलें. “बरें, दशमीला सूनबाईची तिथि आहे. परदेशांत आहां म्हणून विसरूं नकोस.”

दुसऱ्या दिवशीं धक्क्यावर गेलों, तेव्हां तो गृहस्थ गुडघे टेंकून आपला चौकोन रंगवीत होता. निळी नौका काढून झाली होती. तिच्या शेजारीं एक वाटी व तींत पिवळी ज्योत. खालीं त्यानें आपलें नांव घातलें होतें, आणि त्याखालीं आदल्या रात्रींच्या सर्वांचीं नांवें व प्रत्येकापुढें जन्मतारीख. पुढल्या वर्षीं कोणी कोठेंहि असो, त्यास पत्र पाठवावयाचें, असें तो म्हणाला. आमचीं नांवें आमच्याच लिपींत हवीं असा त्यानें हट्ट धरला. सौभाग्यवतींनीं कागदावर लिहून दिलीं. त्यानें तीं चित्राप्रमाणें उतरविलीं. मग कागद परत घेऊन सौभाग्यवतींनीं त्यावर तिसरें नांव लिहिलें. तेंहि त्यानें रंगविलें, आणि ब्रश हातांत धरून तारखेसाठीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं ती जागा मोकळी ठेवावयास सांगितली.