पुरुषोत्तमपुरीचा डोह

नदी पाहावयास जावें तें भाद्रपदांत, दोन्ही थड्या भरून वाहत असतांना, असा सामान्य संकेत आहे. आणि शोभेच्या दृष्टीनें तो खराहि आहे. परंतु नदीचा स्वभाव जाणून घ्यावयाचा असेल तर तिला ऐन उन्हाळ्यांत पाहावें, असें आतां आमचें मत झालें आहे. माणसाप्रमाणें नदीचीहि पारख ओढगस्तींतच होते. हें मत आम्हांस फुकट मिळालें नाहीं. त्यासाठीं एका मुक्या जीवाला प्राण द्यावा लागला. तीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

सन २०१८ मध्यें ज्येष्ठ अधिक आला होता. अधिक मास म्हणजे पुरुषोत्तम मास. आणि त्या महिन्यांत पुरुषोत्तमपुरीस जाऊन गोदास्नान करावें, ही आमच्या मातोश्रींची फार दिवसांची इच्छा. त्याच सुमारास आमचा पुतण्या इंग्लंडांतून रजेवर आलेला होता. आजी निघाली तेव्हां नातूहि निघाला. आणि अनारशांच्या डब्याशेजारीं त्याची एक लांबट कापडी पिशवीहि गाडींत येऊन पडली. तिच्यांत काय आहे हें त्यानें सांगितलें नाहीं, व मातोश्रींनीं विचारलें नाहीं.

बीड जिल्ह्याचे स्थूलमानानें दोन भाग पडतात. दक्षिणेस बालाघाटाचे डोंगर व माळ, उत्तरेस गोदावरीचें सखल, काळ्या जमिनीचें खोरें. आणि जिल्ह्याची उत्तर सीमा म्हणजे स्वतः गोदावरीच. बीडहून वडवणी, तेलगांव, माजलगांव असा रस्ता आहे. माजलगांवास सिंदफणा नदी मोठ्या धरणानें अडविली आहे. तेथून सुटलेली ती पुढें मंजरथास गोदावरीला मिळते. माजलगांव मागें टाकून गंगेच्या बाजूस वळलें, कीं दुतर्फा ऊंस आणि काळीं नांगरलेलीं रानें लागतात. या भागांत गोदावरीला गोदावरी म्हणणारा मनुष्य परगांवचा समजावा. येथें तिचें नांव गंगा.

पुरुषोत्तमपुरी आज लहानसें खेडें दिसतें. पण तिची कुळी मोठी आहे. येथें सांपडलेला शके १२३२ चा, म्हणजे इ. स. १३१० चा, रामदेवराव यादवाचा ताम्रपट इतिहासज्ञांच्या चांगल्या परिचयाचा आहे. रामदेवरावाचा अधिकारी पुरुषोत्तम ऊर्फ पुरुषै नायक यानें ब्राह्मणांस अग्रहार दिला, व त्या अग्रहाराला त्याच्याच नांवावरून पुरुषोत्तमपुरी हें नांव पडलें, असें त्यावरून समजतें. देवळाच्या विटा पाण्यावर तरंगतात अशी ख्याति आहे. भगवान् पुरुषोत्तमाच्या दर्शनास अधिक मासांत येथें लोटणारी गर्दी ज्यानें पाहिली नाहीं, त्याला एरव्हींच्या दिवसांतील या गांवाच्या शांततेवरून तिची कल्पना यावयाची नाहीं.

आम्ही पोंचलों तेव्हां गंगा वाहत नव्हती. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ सालीं पुरें झाल्यापासून खालच्या अंगास उन्हाळ्यांत ती धरणांच्या व बंधाऱ्यांच्या कृपेवर असते. वाळूच्या विस्तीर्ण पात्रांत एक डोह घाटाखालीं, दुसरा त्याच्या खालच्या अंगास, आणि दोहोंस जोडणारी पावलाएवढी धार, एवढाच तिचा संसार उरला होता. या अडविलेल्या पाण्यावर जे शेती पिकवितात त्यांत आमचेंहि घर आहे. तेव्हां तक्रार कोणाकडे करावयाची?

मातोश्रींनीं घरूनच तयारी केली होती. कागदाच्या बारीक चिठ्ठ्यांवर रामनाम लिहून, त्या कणकेंत गुंडाळून त्यांनीं तेहतीस गोळ्या वळल्या होत्या. जलचरांच्या मुखीं रामनाम जावें, हा त्यांतील हेतु. वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं ही चाल असेल. घाटावर तशाच गोळ्या, लाह्या, पोळ्यांचे तुकडे घेऊन आलेल्या शेंकडों बायका होत्या, आणि पाण्यावर माशांचीं तोंडें एकसारखीं उघडत होतीं. तें दृश्य पाहून मातोश्री गहिंवरल्या. “बघ, कसे वाट पाहत आहेत!” असें त्या नातवाला म्हणाल्या.

नातवाचें लक्ष मात्र खालच्या डोहाकडे होतें. पिशवींतून आतां चार तुकड्यांची एक निमुळती काठी निघाली. इंग्लंडांत डर्बीशायर परगण्यांत डव्ह नांवाची नदी आहे. तिच्या कांठीं ट्राउट मासे धरण्याचा त्याला नाद लागला होता. हा प्रकार आपल्याकडील गळाहून अगदीं वेगळा. त्यांत आमिष नसतें. गळाच्या कांट्यावर पिसें व रेशीम बांधून पाण्यावरच्या किड्यासारखी एक खोटी माशी करतात. तिला वजन असें नसतेंच. म्हणून दोरच जड घेऊन, तो काठीनें मागेंपुढें झुलवून, माशी अलगद पाण्यावर उतरवावी लागते. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, आणि वाहत येणारा किडा समजून तिला तोंड घालतो. आयझॅक वॉल्टनचा या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ १६५३ सालचा. त्याला चार्लस कॉटननें १६७६ मध्यें जी पुरवणी जोडली, ती याच डव्ह नदीच्या अनुभवावर.

हें ऐकून आम्हांस राहवलें नाहीं. आम्हीं सांगितलें, “अरे, हा सारा प्रदेश एके काळीं कल्याणीच्या चालुक्यांचा. त्यांच्यापैकीं तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यांत मत्स्यविनोद म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे. दोरी, काठी, गळ, आणि कोणत्या माशाला कोणतें खाद्य घालावें, सारें त्यांत आहे. वॉल्टन पांचशें वर्षांनीं मागाहून आला!” पुतण्या हंसला व म्हणाला, “मग काका, आज मत्स्यविनोद होऊं द्या. मी मासा मारीत नाहीं. धरतों आणि सोडतों.”

हे शब्द आम्हांस फार गोड वाटले. मासा न खाणाऱ्या घरांतील मुलाला शोभेल असाच हा खेळ, असें मनांत आलें. त्यानें रीतहि सोडली नाहीं. खालच्या डोहावर जाळें वाळवीत बसलेल्या एका म्हाताऱ्या भोयाला त्यानें विचारलें. भोई म्हणाला, “टाका की दादा. पन ऊन लई हाय.” त्या ‘पण’चा अर्थ आम्हां दोघांसहि कळला नाहीं.

पाऊण तासानें दोर ताठला. मासा दहा मिनिटें झुंजला. शेवटीं थकून आडवा झाला. रोहू होता, दीड-दोन शेरांचा. पुतण्यानें डव्हच्या कांठीं शिकलेला प्रत्येक नियम पाळला. कांट्याला उलटें टोंक नव्हतें. हात आधीं पाण्यांत भिजविले, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेंच त्याचें चिलखत असतें. कोरड्या हातानें तें निघून जातें व रोग शिरतो. कल्ल्यांत बोट घातलें नाहीं. कांटा अलगद सोडविला. चूक झाली ती आमच्या हातून. आम्ही छायाचित्र घेत होतों. पहिलें हललें, म्हणून “जरा थांब” म्हणून दुसरें घेतलें. दुसऱ्यांत ऊन तोंडावर आलें, म्हणून तिसरें. मग मासा पाण्यांत गेला, शेपूट हालवून दिसेनासा झाला, आणि आम्ही कृतकृत्य होऊन देवदर्शनास गेलों.

तासाभरानें परत आलों तों तोच मासा डोहाच्या कडेला पोट वर करून तरंगत होता. ओठाजवळ कांट्याची लहानशी खूण होती. मातोश्री शेजारींच उभ्या होत्या. तेहतिसांपैकीं कांहीं गोळ्या अजून त्यांच्या हातांत होत्या. त्या रागावल्या नाहींत. इतकेंच म्हणाल्या, “खायचा नव्हता, तर धरलास कशाला रे?”

या प्रश्नाला उत्तर नव्हतें. भोयानें मासा उचलून पाटींत ठेवला व म्हणाला, “दादा, तुमचं हात चांगलं व्हतं. पान्यात दम न्हाई. वैशाखात गंगेतला मासा आधीच धापा टाकतो. त्याला पळवला, भायेर काढला, मंग तो कशानं जगंल?”

पुतण्यानें पिशवींतून तापमापक काढून पाण्यांत धरला. पारा ३२ अंशांवर गेला. तेव्हां त्याला म्हाताऱ्याच्या बोलण्यांतलें शास्त्र उमगलें. मासा पाण्यांत विरलेल्या प्राणवायूवर जगतो. आणि पाणी जितकें ऊन, तितका त्यांत प्राणवायु कमी मावतो. १० अंशांच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ११ मिलिग्रॅम, तर ३० अंशांच्या पाण्यांत फार झालें तर साडेसात. उलट ऊन पाण्यांत माशाची गरज मात्र वाढते. ट्राउट तर थंड पाण्याचाच जीव. आपल्या देशांत तो १९०० च्या सुमारास काश्मीरांत आणला गेला, पुढें निलगिरींतहि रुजला. पण २० अंशांपलीकडे पाणी गेलें कीं तो कासावीस होतो, व २५ च्या आसपास मरूं लागतो. कॅनडांत १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत दमविलेल्या ट्राउटांपैकीं पाण्याबाहेर न काढलेले बहुतेक वांचले. अर्धा मिनिट बाहेर धरलेल्यांपैकीं शेंकडा ६२, आणि पुरा मिनिट धरलेल्यांपैकीं अवघे २८ वांचले. आम्हीं तीन छायाचित्रें घेतलीं होतीं. त्याला मिनिटाहून अधिकच वेळ गेला असेल.

हें सर्व ऐकून मातोश्रींनीं उरलेल्या गोळ्या पाण्यांत सोडण्यासाठीं हात पुढें केला. भोई जरा घुटमळला, मग हात जोडून म्हणाला, “माय, राग मानू नका. गोळ्या बी बेतानं टाका. रोज शंभर बाया टाकत्यात. मासा खाऊन खाऊन किती खाईल? ऱ्हायलेलं पीठ तळाला कुजतं. पहाटंला येऊन बघा, समदे मासे वर तोंडं काढून उभे असत्यात. लोक म्हनत्यात, देवाचं नाव घेत्यात.”

आम्ही पाण्याकडे पाहिलें. घाटाच्या कडेनें पांढुरकी साय धरली होती, तिला आंबूस वास येत होता. सकाळच्या गर्दींत तो आमच्या ध्यानांत आला नव्हता. कुजणारें अन्न पाण्यांतील प्राणवायु खातें, आणि रात्रीं सूर्यप्रकाश नसल्यानें तो शेवाळापासून भरून निघत नाहीं. म्हणून पहाटे त्याचा साठा सर्वांत कमी असतो. ज्या उघड्या तोंडांनीं मातोश्रींस गहिंवर आला होता, त्यांतलीं किती भुकेचीं आणि किती गुदमरल्याचीं, कोण जाणे!

भोयाशीं मातोश्री वाद घालतील असें आम्हांस वाटलें. कारण ही चाल त्यांच्या सासूबाईंची होती. त्यांनीं क्षणभर हातांतल्या गोळ्यांकडे पाहिलें. मग तीन गोळ्या, एक-एक करून, मासा गिळीपर्यंत थांबून पाण्यांत सोडल्या. बाकीच्यांतल्या चिठ्ठ्या काढून पदराच्या गांठीस बांधल्या, आणि कणीक घाटावरच्या गाईपुढें ठेवली. “संख्या देवाला ठाऊक आहे,” एवढेंच त्या बोलल्या.

परततांना गाडींत कोणी फारसें बोललें नाहीं. आमच्या मनांत एकच विचार घोळत होता. आम्ही मासे खात नाहीं, म्हणून आमच्या हातून मासा मरत नाहीं, असा आमचा पिढ्यान् पिढ्यांचा समज. त्या एका दिवशीं नातवाची दया आणि आजीची दया, दोन्ही खऱ्या असून, माशाच्या मुळावर आल्या. आणि माशावर पोट भरणाऱ्या मनुष्यास मात्र पाण्याची नाडी ठाऊक होती. दया ही मनाची वृत्ति खरी; पण ज्याच्यावर दया करावयाची त्याचें जीवन कशावर चालतें, हें कळल्यावांचून ती पुरी होत नाहीं.

आपल्या पूर्वजांना हें अगदींच ठाऊक नव्हतें असें नाहीं. अशोकानें आपल्या स्तंभलेखांत ठराविक तिथींस मासे मारण्याची व विकण्याची मनाई केली आहे. महाड तालुक्यांत काळ नदीवर वाळणकोंड म्हणून डोह आहे. तेथील महसीर मासे वरदायिनी देवीचे म्हणून कोणी धरीत नाहीं. वेळ राखणें आणि जागा राखणें, या दोन गोष्टी त्यांत आल्या. ज्यांना गळाचा नाद आहे त्यांनीं त्यांत तिसरी जोडावी, ती पाण्याची उष्णता. पाणी ऊन असेल तर काठी घरीं ठेवावी. झुंज लांबवूं नये. मासा होईल तों पाण्यांतच ठेवून सोडवावा, त्याचें तोंड प्रवाहाकडे करून, तो आपण होऊन निघून जाईपर्यंत हाताचा आधार द्यावा. छायाचित्राचा मोह तर सोडूनच द्यावा. हें आम्ही स्वानुभवानें सांगतों.

पुढें सन २०२३ मध्यें अधिक श्रावण आला. मातोश्रींनीं पुन्हां पुरुषोत्तमपुरी काढली, आणि नातूहि मुद्दाम रजा काढून आला. या वेळीं पाणी गढूळ होतें. नातवानें प्रथम तापमापक बुडविला, मग भोयाला विचारलें. भोई आतां फार थकला होता, पण ओळख त्यानें ठेविली होती. तो म्हणाला, “पानी बरं हाय दादा. पन आत्ता नगं. मासा अंड्यावर हाय.” आषाढ-श्रावणाच्या नव्या पाण्यांत रोहू, कटला हे मासे अंडीं घालतात, त्या दिवसांत धरलेल्या एका मादीबरोबर तिची सारी वीण जाते.

पुतण्यानें काठी पिशवींतून काढलीच नाहीं. तो आजीशेजारीं पायरीवर बसला. मातोश्रींनीं पदराच्या गांठींतून जुन्या चिठ्ठ्यांपैकीं एक काढली, चिमूटभर कणकेंत गुंडाळली, आणि ती गोळी त्याच्या हातावर ठेवली.